लाल बाह्यांचं पासष्टावं पाऊल

टॅटकोम, सॉमरसेट
सोमवार, ३० मे १९८८

ती. हेस्टरताईस,

त्रिविक्रमचा नमस्कार. या खेपेस तो साष्टांग घालायला हवा होता, पण डावा गुडघा वाकत नाही, म्हणून कागदावर घातला आहे. आडवा झालो आहे असं समज.

आम्ही इथे ठीक आहोत. तुझ्या जुन्या घराच्या कुंपणावरचा गुलाब यंदा लवकर फुलला. नवे मालक त्याला फार छाटतात, पण तो तुझ्यासारखाच हट्टी निघाला. तुझी संधिवाताची बोटं कशी आहेत? भाची समुद्राची हवा खायला बाहेर नेते का, की तू घरात बसून रेडिओशी भांडतेस?

पत्र मराठीत लिहितो आहे, कारण आपल्या टपालघरातली बाई अजूनही पाकिटं उजेडाला धरते. तू फलटणजवळच्या मिशनच्या दवाखान्यात जन्मलीस आणि चौदा वर्षांची होईतो तिथल्या पोरांत विटीदांडू खेळलीस, याचा एवढा तरी फायदा मला व्हावा. मी वाईच्या पाठशाळेत अमरकोश घोकलेला माणूस. या गावात आलो तेव्हा माझी शुद्ध मराठी ऐकून तू म्हणाली होतीस, "अरं भटा, असं बोलतोस जसं काय भिंतीवर लिहिलंय." एका गोऱ्या बाईने सॉमरसेटच्या भाजीच्या दुकानात मला माझी मातृभाषा शिकवली, हे मी वाईला कधीच कळवलं नाही.

आज बँकांची सुट्टी, टपाल बंद. पत्र उद्याच निघेल. म्हणजे मला जे लिहायचं आहे ते सोडून बाकी सगळं लिहायला आख्खा दिवस मोकळा आहे. तरी बातमी आधी सांगून टाकतो, कारण ती पोटात राहत नाही.

परवा मिरवणूक वळली!

सबंध वळली, ताई. चारचारच्या अकरा रांगा, चव्वेचाळीस माणसं, चव्वेचाळीस काठ्या, काठ्यांवरची पितळी फुलं सरळ आभाळाकडे. पोपल खाटकाच्या कोपऱ्यावर डावीकडे वळली आणि एक काठी दुसरीला लागली नाही.

तू म्हणशील, "वळली तर वळली, त्यात एवढं काय?" तू गावात असताना ती दर वर्षी वळतच होती, म्हणून तुला त्यात काही वाटणार नाही. पण तू गेलीस चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात. त्यानंतर गेल्या वर्षापर्यंत तेरा मिरवणुका निघाल्या आणि त्यांतली एकही त्या कोपऱ्यावर धड वळलेली नाही. हे तुला कुणी कळवलं नसेल. कळवायचं काम माझं होतं.

पंचाहत्तरला काठ्या अडकल्या, लोक हसले. एकोणऐंशीला पाद्रीबुवा घोड्यांच्या पाण्याच्या हौदात बसले. त्यांची पँट वाळेपर्यंत प्रार्थना थांबली होती. त्र्याऐंशीला पोपलच्या दुकानाची काच गेली. तेव्हापासून रेज पोपल मिरवणुकीच्या सकाळी दुकानाला फळ्या ठोकतो, वादळ यायचं असल्यासारख्या. आणि गेल्या वर्षी उजव्या अंगाची सहा माणसं कोपऱ्यावरून थेट मोठ्या रस्त्यावर गेली. दुधाची लॉरी येत होती. ड्रायव्हर भला, त्याने लॉरी कुंपणात घातली. खानावळवाल्या मेव्हिसच्या बहिणीचं मनगट मोडलं, बाकी कुणाला लागलं नाही. पण त्यानंतर दोन दिवस गावात कोणी मोठ्याने बोललं नाही.

फेब्रुवारीत हवालदार हेम्ब्रो क्लबच्या बैठकीला आला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "हे बघा मंडळी, माझा आजा या मिरवणुकीत चालला, बाप चालला. पण यंदा रांग मोडली की संपलं. पुढच्या वर्षीपासून क्रिकेटच्या मैदानात फिरायचं. गोल गोल."

"गोल गोल?" मेव्हिस म्हणाली. मेव्हिस आता क्लबची अध्यक्ष आहे. खानावळ तिचीच, तेव्हा बैठका तिथेच होतात. "एकशे नव्वद वर्षं सरळ चालत आलेली माणसं गोल फिरतील? मेंढरं आहोत का?"

"मेंढरं बरी वळतात," हेम्ब्रो म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सवयीने. तेरा वर्षं दर मिरवणुकीनंतर कारण शोधून देणं हे माझं काम झालं होतं. गावातला शिकलेला माणूस ना मी! एका वर्षी मी रस्त्याच्या नव्या डांबराला दोष दिला. एका वर्षी रबरी तळव्यांच्या बुटांना. एकदा तर मेव्हिसच्या सफरचंदी सायडरला दिला, आणि तेव्हा मेव्हिस महिनाभर माझ्याशी बोलली नाही. प्रत्येक कारण सप्रमाण, तळटिपांसह. फेब्रुवारीत मात्र मी म्हणालो, "बघतो."

आता जरा चालीबद्दल. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला माझ्या वाटेनेच त्या जागेपर्यंत जाऊ दे. तू नेहमी म्हणायचीस की मी देवळात जायचं तर गावाला प्रदक्षिणा घालून जातो.

इंग्रजांच्या कूच करायच्या चाली म्हणजे मुळात नाचाच्या चाली. हे इथल्या पेन्शनर सुभेदारांना सांगितलं की ते लाल होतात. पण खरं तेच आहे. खळ्यातल्या नाचाला जी धून वाजायची ती आडव्या बासरीवाल्याने पलटणीत नेली. ढोलाने तिला पाय दिले, आणि तीच धून शिपायाला घरापासून दूर घेऊन गेली. आधी चाल सावकाश होती. पुढे कवाईतीची पुस्तकं आली, मिनिटाला पावलं किती ते ठरलं, आणि पावलांबरोबर धुनांचाही वेग वाढला. त्या पलटणी साताऱ्यालाही आल्या. त्यांचं वाजवणं ऐकून आमच्याकडच्या बँडवाल्यांनी त्याच चाली वरातीत घेतल्या. घोड्यावर बसलेला आमचा नवरदेव कोणत्या इंग्रजी सार्जंटच्या पावलांवर सासरी निघालाय हे त्याला ठाऊक नसतं, आणि त्याने काही बिघडत नाही. नाचातून निघालेली चाल परत नाचात गेली, एवढंच.

आपली 'लाल बाह्या' ही धून अशीच. सतराशे सत्त्याण्णवात फ्रेंच येतील या भीतीने शेतावरची पोरं धरून पलटण उभी केली, तिचा बासरीवाला जोब व्हिकरी आपल्या टॅटकोमचा. फ्रेंच आले नाहीत. पुढल्याच साली पलटण मोडली आणि पोरं परत आली. त्यांनी आजारपणाला आणि मयतीला एकमेकांच्या मदतीला यावं म्हणून क्लब काढला, आणि क्लबची वार्षिक मिरवणूक जोबच्या धुनेवर निघू लागली. जोबची वही तळहाताएवढी, मेंढीच्या कातड्यात शिवलेली. एका बाजूला बासरीच्या धुना, उलट बाजूला घोड्याच्या खोकल्यावरचं औषध. ती वही पाहिली की मला आमच्या पाठशाळेतल्या पोथ्या आठवायच्या. त्यांतही श्रौतसूत्राच्या मागे लोणच्याचं प्रमाण सापडायचं.

चौऱ्याहत्तरला क्लबने ठरवलं की जोबची वही छापायची, आणि संपादक मला नेमलं. आठ वर्षं गावात राहूनही मी तोवर 'तो शाळेत लॅटिन शिकवणारा' होतो. माणसं नमस्कार करायची आणि पुढे जायची. त्या पुस्तकापासून मी 'ट्रिव' झालो. हे आधी लिहून ठेवतो, त्याचं काम पुढे पडणार आहे.

तर 'लाल बाह्या'त पासष्ट पावलं होती. शेवटच्या ओळीत एक ठोका दोनदा लिहिलेला. पाठशाळेत आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं की लेखनिकाचा डोळा घसरतो आणि तो एकच अक्षर दोनदा लिहितो. विद्वानाने ते ओळखून खोडावं. शिवाय पलटणीची चाल कधी विषम पावलांची असते का? मोठा ढोल डाव्या पायावर पडतो, धून संपते, परत सुरू होते, परत डाव्या पायावर. पासष्ट पावलं झाली की पुढच्या आवर्तनात ढोल उजव्या पायावर! जगातला कोणताही सार्जंट हे चालू देणार नाही. मी ठोका खोडला. तळटीप दिली: 'लेखकप्रमाद.' काय सुंदर शब्द आहे! इंग्रजीत मी तो तीन ओळींत लिहिला होता.

आणि तू म्हणालीस, नाही.

तू तेव्हा वीस वर्षं ढोल वाजवत होतीस. तुला म्हाताऱ्या इलाय ट्रॉटने शिकवलं, त्याला त्याच्या मामाने. तू म्हणालीस, "तो दोनदाच आहे. का, ते इलायलाही माहीत नव्हतं. पण पायांना माहीत आहे."

मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. मला रोज आठवतं. भरल्या बैठकीत, चांगला आवाज लावून, मी म्हणालो, "मिस गॅपर, पायांना हस्तलिखितं वाचता येत नाहीत." सगळे हसले. हसू ओसरेपर्यंत तू उभी राहिलीस, टिपरू टेबलावर ठेवलंस, आणि जाता जाता फक्त मला कळेल असं म्हणालीस, "पाय न्हाईत वाचत, भटा. पर पाय खोटं बी बोलत न्हाईत." दोन महिन्यांनी तुझं सामान लॉरीत चढताना मी शाळेच्या बसमधून पाहिलं. बस थांबवता आली असती.

आता ड्रॉवर.

सत्त्याहत्तर साली टॉन्टनहून एका बाईंनी मला एक वही पाठवली. त्यांच्या खापरपणजोबांची. तेही त्याच पलटणीत बासरी वाजवायचे, आणि तेही टॅटकोमचेच. तीत 'लाल बाह्या' होती. हस्ताक्षर वेगळं, शाई वेगळी, आणि ती जोबच्या वहीवरून उतरवलेली नव्हती, कारण बाकीच्या धुना भिन्न. पासष्ट पावलं. ठोका दोनदा.

दोन स्वतंत्र साक्षीदार एकच चूक करत नाहीत, ताई. हे पाठशाळेत दुसऱ्या वर्षी शिकवतात. मी वही वाचली, बाईंना आभाराचं छान पत्र लिहिलं, आणि वही ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. अकरा वर्षं. पाद्रीबुवा हौदात बसले तेव्हा वही ड्रॉवरमध्ये होती. काच फुटली तेव्हाही तिथेच होती. लॉरी कुंपणात गेली त्या दुपारी मी घरी येऊन ड्रॉवर उघडला, आणि बंद केला.

का? मी स्वतःला सांगत असे की अजून पुरावा हवा. खरं कारण वर लिहिलं आहे. त्या पुस्तकाने मला गावात घेतलं. ते पुस्तक चुकलं असेल तर मी परत 'तो लॅटिनवाला'. आणि तू? ज्या पुस्तकाने मला आत घेतलं त्याच पुस्तकाने तुला बाहेर काढलं होतं. तुझी जागा मला मिळाली. एकदा मिळाल्यावर ती पोकळ आहे हे कबूल करायला माणूस माझ्याहून मोठा असावा लागतो.

हे लिहून झालं. आता हात हलका चालेल.

हेम्ब्रो येऊन गेल्यावर एप्रिलमध्ये मी वही काढली. ठोका खरा, एवढं तर कळलं होतं. पण तो का आहे? इलायला ठाऊक नव्हतं, तुला नव्हतं. एका रविवारी सकाळी मी मेव्हिसच्या दारापासून निघालो, डावा पाय आधी, धून मनात म्हणत, पावलं मोजत. रेज पोपल दुकानापुढे पाणी मारत होता.

"काय हरवलं का, ट्रिव?"

"पावलं मोजतोय."

"किती निघाली?"

"एकशे पंच्याण्णव."

"दहा कमी कर ना. माझ्या काचेच्या अलीकडे थांब की!"

एकशे पंच्याण्णव म्हणजे पासष्ट गुणिले तीन. मी त्या कोपऱ्यावर उभाच राहिलो. रेजने माझ्या बुटांवर पाणी मारलं तरी.

तीन आवर्तनं संपली की मिरवणूक कोपऱ्यावर. पहिल्या आवर्तनात ढोल डाव्या पायावर, दुसऱ्यात उजव्या, तिसऱ्यात डाव्या, आणि चौथं आवर्तन सुरू होतं ते नेमकं वळणावर, उजव्या पायावर. ज्या पायावर ढोल पडतो तो पाय लांब पडतो, हे तर कुणीही अंगणात करून पाहावं. नावेचं उजवं वल्हं जोरात मारलं की नाव डावीकडे वळते. चव्वेचाळीस माणसांची नाव, आणि उजव्या वल्ह्यावर ढोल! तिथून चर्चचा कोपरा पुन्हा एकशे पंच्याण्णव पावलं, तो वळतो उजवीकडे, आणि तिथे सातवं आवर्तन, ढोल परत डाव्या पायावर. जोबने पलटणीची धून घरी आणली आणि गावाच्या मापाने बेतली. कवाईतीच्या पुस्तकात न बसणारा ठोका आपल्या गल्लीत बसतो. मी तो खोडला आणि तेरा वर्षं माझा ढोल माणसांना डाव्या पायावर, म्हणजे उजवीकडे, रेजच्या काचेत आणि मोठ्या रस्त्यावर ढकलत राहिला. चर्चच्या कोपऱ्यावर या तेरा वर्षांत कधीच काही घडलं नाही. हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि लक्षात आणून देण्याची जबाबदारी असलेला माणूस डांबराच्या जाती अभ्यासत होता.

माझं नाव त्रिविक्रम. तीन पावलांत त्रिभुवन मोजणाऱ्याचं. आणि मला एक गल्ली मोजायला चौदा वर्षं लागली.

मे महिन्याच्या पहिल्या बैठकीत मी दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. ड्रॉवरसकट.

मग रेज म्हणाला, "थांब. म्हणजे माझी काच...?"

"माझ्यामुळे."

"आणि पाद्रीबुवांची पँट?"

"तीही."

"डांबर?"

"डांबर निर्दोष आहे."

"सायडर?" मेव्हिसने विचारलं.

"मेव्हिसबाई, सायडरची मी हात जोडून माफी मागतो."

तेव्हा हशा पिकला, आणि मला वाटलं, सुटलो. तोच मेव्हिस म्हणाली, "आणि हेस्टर?"

मी दोन्ही वह्या मिटल्या.

"तीही माझ्यामुळे," मी म्हणालो.

"मग तिला तू सांगायचं. आमच्यातलं कोणी सांगणार नाही."

"सांगतो. आधी मिरवणूक वळू दे."

"का? नाही वळली तर सांगणार नाहीस?"

मी उत्तर दिलं नाही. इथेही देत नाही. तू मला ओळखतेस.

खरा विरोध केला तो कॉलिन स्टर्मीने. तुझ्यानंतर ढोल त्याच्याकडे आहे. बावीस वर्षं फौजेच्या बँडात काढलेला गडी, मिशीसुद्धा सावधान उभी. तो म्हणाला, "ढोल डाव्या पायावर पडतो. सूर्य पूर्वेला उगवतो. या दोन्हीत मी बदल करणार नाही."

मी त्याला इतिहास सांगितला. दोन वह्या दाखवल्या. नावेचं उदाहरण दिलं.

"माझा सार्जंट थडग्यातून उठेल!"

"उठला तर रांगेत घेऊ," मेव्हिस म्हणाली. "आपल्याला माणसं कमीच आहेत. जा, एकदा गल्लीत वाजवून ये. वाजवल्याने ढोल झिजत नाही."

तो तणतणत गेला. आम्ही खिडकीतून पाहत होतो. एकटा माणूस, पोटावर ढोल, संध्याकाळच्या उन्हात गल्लीच्या मधोमध. तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी दोन ठोके एकापाठोपाठ पडले, धम् धम्, आणि तो डावीकडे असा निघाला, जणू कोणी खांद्याला धरून वळवावं. पंधरा पावलं जाऊन थबकला. ढोलाकडे खाली पाहिलं. मग गल्लीच्या त्या टोकावरून ओरडला, "अरे, हा मला ढकलतोय!"

त्यानंतर दोन तालमी झाल्या. जी माणसं चौऱ्याहत्तरच्या आधी चाललेली होती त्यांना काहीच शिकवावं लागलं नाही. दोन ठोके पडताच त्यांचे पाय आपोआप बरोबर पडत. चेहऱ्यावर मात्र आश्चर्य, जणू कोणी जुन्या टोपणनावाने हाक मारली. नवी मंडळी पायांकडे बघून अडखळत होती. त्यांना पायांकडे बघू नका एवढंच सांगितलं. मी हे सांगावं!

आणि परवाचा शनिवार. आभाळ स्वच्छ, वारा काठ्यांवरच्या निळ्या फिती उडवण्यापुरता. सगळं गाव कोपऱ्यावर जमलेलं, कारण तमाशा तिथेच होतो हे तेरा वर्षांत सर्वांना पाठ. रेजने पहाटेच फळ्या ठोकल्या होत्या. हेम्ब्रो मोठ्या रस्त्यावर दोन्ही हात पसरून उभा, त्याच्यामागे मोटारींची रांग. मी बासऱ्यांत, डावीकडून तिसरा, नेहमीसारखा किंचित बेसूर.

पहिलं आवर्तन. धम् धम्. मागून कोणीतरी "आई गं" म्हणालं. दुसरं आवर्तन. धम् धम्. कोपरा दिसू लागला. माझ्या बासरीतून फक्त हवा जात होती. तिसरं आवर्तन, आणि मला दिसत होत्या फक्त रेजच्या फळ्या, जवळ जवळ येणाऱ्या. मनात म्हटलं, हेस्टर, आता तूच.

धम् धम्!

फाटक बिजागरीवर फिरावं तशी पहिली रांग फिरली. आतला माणूस जागच्या जागी, बाहेरचा लांब टांगा टाकत, मधले दोघे तोलात. तिच्यामागे दुसरी. तिसरी. काठ्या उभ्या, पितळी फुलं एका ओळीत, उन्हात झगमगत, अकरा वेळा. शेवटच्या रांगेत मेव्हिसची बहीण होती, मनगट बरं झालेलं, रडत होती आणि पाऊल चुकवत नव्हती.

अकरावी रांग वळली तरी लोक फळ्यांकडेच बघत होते. काय झालं नाही ते त्यांना कळायला वेळ लागला. मग जो गजर झाला तो सांगता येत नाही. टोप्या उडाल्या. मोटारवाल्यांनी भोंगे वाजवले. हेम्ब्रोचे दोन्ही हात पसरलेलेच राहिले. चर्चच्या घंटेपर्यंत त्याला ते खाली घेण्याचं सुचलं नाही. आणि ढोलाच्या वर, बासऱ्यांच्या वर, मला खटाखट आवाज आला. रेज पोपल हातोडीने फळ्या उखडत होता. एकेक फळी काढून रस्त्याच्या कडेला फेकत होता आणि प्रत्येक फळीबरोबर ओरडत होता, "बघा! बघा माझी काच! बघा!"

चर्चचा कोपरा सातव्या आवर्तनात उजवीकडे वळला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, बिचारा नेहमीच वळत आला आहे.

जेवणाला हॅम, व्हिनेगरातले कांदे आणि मेव्हिसची गूजबेरीची पेस्ट्री. क्लबचा पहिला प्याला नेहमी जोब व्हिकरीच्या नावाने. तो झाला आणि दुसरा राणीच्या नावाने म्हणून सगळे उभे राहणार, तोच कॉलिन बाकावर चढला. तुला त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही. म्हणाला, "राणीसाहेब पाच मिनिटं थांबतील. ती बाई कुठे आहे जिने हे आधीच सांगितलं होतं?"

"माइनहेडला," मेव्हिसने सांगितलं.

"मग इतक्या जोरात म्हणा की माइनहेडला ऐकू जाईल. हेस्टर गॅपर!"

दीडशे माणसं होती तंबूत. "हेस्टर गॅपर!" तीनदा. शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास तुला काही ऐकू आलं का ते विचारणार होतो, पण तू म्हणशील, भटा, मी तेव्हा झोपले होते.

मला कोणी गावाबाहेर काढलं नाही, हेही कळवायला हवं. उलट छळ सुरू झाला आहे. काल भाजीवालीने मला दोन बटाटे एकासारखे दिले आणि म्हणाली, "यातला एक चुकून आलाय, खोडून टाक." रेजने दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली आहे: 'पंडितांनी या बाजूने चालू नये.' चौदा वर्षं मी ज्याची भीती बाळगली ते एवढंच होतं. त्यासाठी मी तुला घालवलं. ही गोष्ट विनोदाने झाकता येत नाही, आणि मी झाकत नाही. तू बरोबर होतीस, मी चुकलो होतो, आणि चुकलो हे कळल्यावरही अकरा वर्षं गप्प राहिलो. याला क्षमा असेलच असं नाही.

आता कामाचं. क्लब जोबची वही नव्याने छापतो आहे. पासष्टावा ठोका मुख्य पाठात. माझा चौसष्टांचा पाठ खाली, बारीक टायपात, 'अशुद्ध' या शेऱ्यासह. शेरा मी स्वतः लिहिला आहे, आणि तो पूर्वीच्यासारखा तीन ओळींचा नाही. मुखपृष्ठावर संपादक म्हणून एकच नाव जाईल, आणि ते माझं नाही. समितीने हे हात वर करून ठरवलं, विरोधात एकही हात नव्हता. मुद्रक शुक्रवारपर्यंत खिळे जुळवायचा थांबला आहे. त्याला कळायला हवं आहे ते एवढंच, आणि ते मी तुलाच विचारू शकतो: नाव 'मिस एच. गॅपर' असं छापायचं, की 'हेस्टर गॅपर, टॅटकोम'?

गावाचं नाव लावायचं की नाही, ते तू ठरव. दोन शब्दांचं कार्ड पुरेल. टपालघरातल्या बाईला वाचता येईल अशा इंग्रजीत लिहिलंस तरी हरकत नाही. या वेळी तिने ते सगळ्या गावाला सांगावं अशी माझी इच्छा आहे.

हरलेला, आणि जिंकून कधी झाला नव्हता इतका आनंद हरून झालेला,

तुझा
त्रिविक्रम